विष पचवणारे

पौड मागे टाकून ताम्हिणीकडे निघालं की मुळशी धरणाचं पाणी बराच वेळ सोबत करतं. श्रावणात सकाळी लवकर या रस्त्यानं गेलं आणि दाट झाडीत चार पावलं आत शिरलं, की नरक्या भेटतो. दिसायला त्याचं काही विशेष नाही. फार उंच होत नाही, साल करडी आणि सुरकुतलेली, पानं रुंद, फांदीच्या टोकाकडे दाटलेली. पिवळट पांढऱ्या बारीक फुलांचे झुबके याच दिवसांत येतात आणि त्यांचा वास असा, की माणूस तिथे फार वेळ थांबत नाही. पान चुरगळलं तरी तीच दुर्गंधी. देवराईत मोठ्या झाडांच्या सावलीला तो निवांत वाढतो. देवराईबाहेर मात्र गेल्या काही दशकांत त्याच्यावर फार कुऱ्हाडी पडल्या. चोरून तोडलेला नरक्या पकडल्याच्या बातम्या कोल्हापूर-सिंधुदुर्गाकडून अजूनही अधूनमधून येतात. हे झाड मुळासकट उपटलं जातं तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं, कारण त्याच्या लाकडात माणसाला जगवणारं एक विष आहे.

त्या विषाचं नाव कॅम्पटोथेसिन. मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर जे इरिनोटेकान सलाईनमधून देतात, ते याच रेणूत फेरफार करून तयार झालेलं औषध. या रेणूशी महाराष्ट्राचं नातं जुनं आहे. 1966 साली अमेरिकेत मन्रो वॉल यांच्या बरोबरीनं ज्यांनी तो एका चिनी झाडातून वेगळा काढला, ते मनसुख वाणी 1925 मध्ये नंदुरबारला जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठात शिकलेले. पुढे टॅक्सॉल हे दुसरं मोठं औषधही याच जोडीच्या हातून जगाला मिळालं. नंदुरबारच्या किती शाळांत त्यांचं नाव मुलांना सांगितलं जातं, असा प्रश्न मला नेहमी पडतो. आणि 1972 साली मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांना हाच रेणू आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यात सापडला, तोही भरपूर.

हे विष मारतं कसं, ते समजून घेण्यासारखं आहे. पेशीला दोन व्हायचं तर आधी आपल्या डीएनएची नक्कल करावी लागते आणि नक्कल करायची तर त्याचे दोन पदर उलगडावे लागतात. पिळलेला सुंभ मधूनच सोडवायला घेतला की पुढचा पीळ आणखी घट्ट होत जातो. डीएनएचंही अगदी तसंच होतं. हा ताण सोडवण्यासाठी पेशीत टोपोआयसोमरेज-एक नावाचं एन्झाइम असतं. ते एक पदर कापतं, पीळ मोकळा होऊ देतं आणि कापलेलं पुन्हा जोडतं. कॅम्पटोथेसिन नेमकं त्या कापलेल्या जागी जाऊन बसतं आणि जोडणी होऊ देत नाही. नक्कल करणारी यंत्रणा मागून येऊन तिथे आदळते, एका पदराची चीर दोन्ही पदरांची तूट होते आणि पेशी मरते. सारखी दुभंगणारी पेशी अर्थातच आधी मरते. कर्कपेशीवर ते चालतं, ते यामुळे. केस, तोंडाचं आणि आतड्याचं अस्तर, रक्तपेशी यांनाही त्याची झळ बसते तीही यामुळेच.

इथे एक प्रश्न उभा राहतो. झाडालाही डीएनए आहे, झाडालाही टोपोआयसोमरेज लागतं, झाडाचे कोंबही दर पावसाळ्यात झपाट्यानं वाढतात. मग अंगभर हे विष बाळगणारं झाड स्वतः कसं मरत नाही?

2008 साली जपानमधल्या चिबा विद्यापीठातले काझुकी साइतो आणि त्यांचे सहकारी यांनी याचं उत्तर दिलं. त्यांनी कॅम्पटोथेसिन बनवणाऱ्या वनस्पती घेतल्या, त्यात ते चिनी झाड होतं आणि ओफिओरायझा प्रजातीतली झुडपं होती, आणि त्यांचं टोपोआयसोमरेज तपासलं. त्या एन्झाइमच्या लांबलचक साखळीत एका ठिकाणी, माणसाच्या एन्झाइमच्या हिशेबानं 722 व्या जागी, ॲस्परॅजीन या अमिनो आम्लाऐवजी सेरीन होतं. एवढ्याशा बदलानं विषाला तिथे नीट बसताच येत नव्हतं. आणि हाच बदल, याच जागी, याआधी माणसाच्या रक्ताच्या कर्करोगाच्या पेशींत सापडला होता. कॅम्पटोथेसिनच्या माऱ्यातून प्रयोगशाळेत तगून राहिलेल्या त्या पेशी होत्या.

झाडाला हे साधायला लाखो वर्षं लागली असतील. काचेच्या बशीतल्या पेशींना ते थोड्या काळात साधलं. दोघांची कधी गाठ पडलेली नव्हती, दोघांसमोर प्रश्न एकच होता आणि दोघांनी उत्तरही एकच काढलं. मोठ्या आतड्याच्या कर्कपेशीही या औषधात वाढवून पाहिल्या आहेत. त्यांच्याही याच एन्झाइमच्या जनुकात बदल झालेले आढळले, फक्त जागा निराळ्या. आपण कर्कपेशीविषयी बोलताना नेहमी शत्रू, कावेबाज, घुसखोर असे शब्द वापरतो. ही माहिती वाचल्यापासून मला ते शब्द खोटे वाटू लागले आहेत. नरक्याला कुणी कावेबाज म्हणत नाही.

केमोच्या वॉर्डाबाहेरच्या बाकांवर एक प्रश्न हमखास ऐकू येतो. पहिले काही महिने औषध लागू पडलेलं असतं, गाठ आकसलेली असते, घरात पुन्हा हसू आलेलं असतं. मग एका स्कॅनमध्ये गाठ परत वाढलेली दिसते. तेव्हा घरातलं कुणीतरी डॉक्टरांना विचारतं, "शरीराला औषधाची सवय झाली का हो?" आणि डॉक्टर आत गेले की आणखी खालच्या आवाजात दुसरा प्रश्न येतो, तो एकमेकांना विचारलेला असतो: "आपलंच काही चुकलं का?" त्या दिवशी दही खाल्लं होतं, मधला एक डोस ताप आल्यामुळे आठवडाभर पुढे गेला होता, गावी जत्रेला गेलो होतो. कुणी रुग्णालाच म्हणतं, तू मन खंबीर ठेवलं नाहीस.

याचं उत्तर स्पष्ट द्यायला हवं. नाही. दह्यानं गाठ वाढत नाही आणि जत्रेला गेल्यानंही नाही. शरीराला औषधाची सवय होते असंही नाही. खरं तर एका सेंटीमीटरच्या गाठीतही कोट्यवधी पेशी असतात आणि प्रत्येक पेशी दुभंगताना डीएनएच्या नकलेत काही चुका राहून जातात. इतक्या गर्दीत एखाद्या पेशीत नेमकी उपयोगी पडणारी चूक आधीच असणार. जॉन्स हॉपकिन्समधल्या संशोधकांनी 2012 मध्ये हे फार चांगलं दाखवलं. पॅनिटुमुमॅब हे औषध चालू असलेले मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे 24 रुग्ण होते, केरास या जनुकाचा बिघाड असला की हे औषध चालत नाही, आणि सुरुवातीला त्यांच्या गाठीत तो नव्हता. त्यांतल्या 9 जणांच्या रक्तात पुढे तो बिघाड दिसू लागला, साधारणपणे पाच-सहा महिन्यांनी. गणित मांडल्यावर निष्कर्ष निघाला, की तो बिघाड असलेल्या मूठभर पेशी औषध सुरू होण्याच्या आधीपासूनच तिथे होत्या. बाकीच्या मेल्या, त्या उरल्या, त्यांचीच प्रजा वाढली. पहिलं सलाईन लागण्याआधी जे घडून गेलं होतं, त्याचा दोष रुग्णानं किंवा त्याला डबा नेऊन देणाऱ्या बायकोनं का घ्यावा?

सगळा प्रकार एवढ्यावर संपत नाही. 2021 मध्ये टोरांटोच्या एका गटानं इरिनोटेकान घेऊनच पाहिलं. रुग्णांच्या आतड्याच्या गाठीतल्या पेशी उंदरांत वाढवल्या आणि प्रत्येक पेशीच्या वंशावर ओळखीची खूण ठेवली. औषध दिल्यावर गाठ वाढायची थांबली, औषध बंद केल्यावर पुन्हा वाढली. अपेक्षा अशी होती, की या वेळी थोड्याच वंशांच्या खुणा उरलेल्या असतील. प्रत्यक्षात जवळजवळ सगळे वंश शाबूत होते. म्हणजे निवडक बलवान पेशी उरल्या असं झालंच नाही. उरलेल्या पेशी सगळ्या मिळून मंदावल्या होत्या, दुभंगणं जवळपास थांबवून, आपल्याच आतला टाकाऊ माल पचवून तग धरून होत्या. जी पेशी दुभंगत नाही तिला कॅम्पटोथेसिनचं भय नाही. संशोधकांना हे चित्र दुसऱ्या एका अवस्थेशी जुळताना दिसलं. अस्वलासारख्या काही प्राण्यांत, ऋतू प्रतिकूल असेल तर गर्भ काही काळ वाढच थांबवतो आणि दिवस बरे आले की पुन्हा वाढू लागतो. कर्कपेशीत जागी झालेली जनुकं पुष्कळशी तीच होती.

हे वाचून मी बराच वेळ काही करू शकलो नाही. ज्या क्षमतेवर प्राण्यांची पिल्लं कठीण ऋतू काढून जगतात, तीच क्षमता इथे एखाद्याच्या वडिलांचा जीव घेते.

आतड्याच्या पेशीकडे तर अशा क्षमता मुळातच जास्त असतात, कारण ती राहतेच अशा ठिकाणी. आपण जे खातो त्यातली नाना विषं, जंतूंनी तयार केलेली आणखी विषं, रोज तिच्या अंगावरून जातात. आत शिरलेलं नको ते बाहेर फेकणारे पंप तिच्या आवरणात उपजत असतात. 1976 मध्ये टोरांटोत ज्युलियानो आणि लिंग यांनी यांतला पहिला पंप शोधला, तो औषधाला न जुमानणाऱ्या पेशींचा अभ्यास करताना. हेच पंप निरोगी आतड्यात, यकृतात, मेंदूच्या रक्तवाहिन्यांत राखणीला असतात हे नंतर कळलं. एबीसीजी-2 नावाचा त्यांच्यातला एक पंप इरिनोटेकानचं शरीरात तयार होणारं जहाल रूप पेशीबाहेर टाकतो. यकृत त्याच रूपाला साखरेचा एक अंश जोडून पित्तावाटे आतड्यात सोडतं. तिथले जंतू तो अंश तोडून औषध पुन्हा मोकळं करतात आणि रुग्णाला जुलाब लागतात. आपलंच शरीर आपल्याला विषापासून वाचवायचा प्रामाणिक प्रयत्न करत असतं. त्याला हे विष मुद्दाम दिलेलं आहे, हे कळायला मार्ग नाही.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगातलं सगळ्यांत जुनं आणि अजूनही कामाचं औषध म्हणजे फाइव्ह-फ्लुओरोयुरॅसिल. चार्ल्स हायडलबर्गर यांनी ते 1957 मध्ये जगापुढे आणलं. ते डीएनएचा एक घटक बनवणारं थायमिडिलेट सिंथेस हे एन्झाइम पकडून ठेवतं. पेशी त्यावर काय करते? ते एन्झाइम आणखी तयार करते. त्यातली खुबी पाहा: हे एन्झाइम एरवी स्वतःच्याच संदेशाला, म्हणजे ज्या आरएनएवरून ते बनतं त्याला, जाऊन चिकटतं आणि आपलं उत्पादन आवरतं धरतं. औषधानं त्याला पकडलं की ते त्या संदेशाला चिकटू शकत नाही, आवर सुटतो आणि उत्पादन वाढतं. गरजेपुरतं बनवणं आणि कमी पडलं की भर घालणं, हा पेशीचा नेहमीचा संसार आहे. औषधाच्या मार्गात तोच आडवा येतो.

बशीत वाढवलेल्या पेशींबद्दल इतकं बोलताना पुण्याच्या एका लेकीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. कमल रणदिवे, पूर्वाश्रमीच्या समर्थ, 1917 मध्ये पुण्यात जन्मल्या, फर्ग्युसनमध्ये शिकल्या, शेतकी महाविद्यालयातून त्यांनी सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या गुणसूत्रांवर पदव्युत्तर काम केलं. मग मुंबईत वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली त्या कर्करोगाकडे वळल्या, बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत पेशी काचेत वाढवायला शिकल्या आणि परत येऊन त्यांनी मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. आज गणेशखिंडीतल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून देशभर पेशी पाठवल्या जातात, मुळशी तालुक्यातच लवळ्याला सिम्बायोसिस विद्यापीठात जीवशास्त्र शिकणारी मुलं आहेत. बशीतल्या पेशीला औषध घालून ती काय करते ते पाहण्याची ही वाट आपल्याकडे त्यांनी पाडली.

त्यांची संस्था पुढे खारघरला गेली. तिथे, ॲक्ट्रेकमध्ये, सोराब दलाल यांच्या गटानं 2021 मध्ये प्रसिद्ध केलेलं काम मला फार महत्त्वाचं वाटतं. लिपोकॅलिन-दोन नावाचं एक प्रथिन आहे. जंतूंना वाढायला लोह लागतं आणि ते मिळवण्यासाठी जंतू लोह पकडणारे बारीक रेणू सोडतात. आपल्या शरीरातलं लिपोकॅलिन ते रेणूच बळकावतं आणि जंतूंना उपाशी ठेवतं. आतड्यात, जिथे जंतूंचाच शेजार, तिथे हे किती मोलाचं असेल! ॲक्ट्रेकच्या संशोधकांना दिसलं, की मोठ्या आतड्याच्या कर्कपेशीत हे प्रथिन वाढलं की पेशीतलं लोह कमी होतं. लोह जास्त असेल तर पेशीच्या आवरणातली मेदद्रव्यं जणू गंजत जातात आणि पेशी मरते. मरणाच्या या तऱ्हेला 2012 पासून फेरोप्टोसिस म्हणतात. लोह कमी झाल्यावर तो मृत्यू टळतो, गाठ मोठी होते आणि फ्लुओरोयुरॅसिल निष्प्रभ ठरतं. लिपोकॅलिनला रोखणारं प्रतिपिंड दिल्यावर मात्र त्याच पेशी औषधाला पुन्हा दाद देऊ लागल्या. जंतूंविरुद्ध कमावलेली राखण, गाठीच्या पदरात पडलेली.

मग सगळी राखणच का मोडून काढू नये? पंपांच्या बाबतीत हे करून झालं आहे. पंप बंद करणारी औषधं केमोसोबत देण्याच्या चाचण्या कित्येक वर्षं चालल्या, आणि त्यांतून रुग्णांना अपेक्षित लाभ झाला नाही. निरोगी अवयवांतले तेच पंप बंद पडले, केमोचं विष रक्तात जास्त काळ राहू लागलं, डोस उतरवावे लागले. गाठीकडे जे आहे ते आपल्याकडेही आहे. तिचं काढून घ्यायला गेलं की आपलंही जातं. आतड्याचा हा रोग आपल्याकडे पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आढळतो, पण टाटा रुग्णालयात येणारे याचे रुग्ण तिकडच्या मानानं तरुण असतात. त्यांना पुढे पुष्कळ आयुष्य जगायचं असतं, म्हणून नुसतं विष वाढवत नेण्याचा मार्ग मला आणखीच अपुरा वाटतो.

सुदैवानं औषधाला दाद न देण्याची किंमत गाठीलाही मोजावी लागते. केरासचा बिघाड झालेल्या पेशी पॅनिटुमुमॅबसारखं औषध चालू असतानाच वरचढ असतात. ते औषध थांबवलं की इतर पेशींच्या तुलनेत त्या मागे पडतात आणि रक्तात सापडणाऱ्या त्यांच्या डीएनएचं प्रमाण हळूहळू उतरतं, साधारण चार महिन्यांत निम्म्यावर येतं. इटलीतल्या डॉक्टरांनी यावर एक साधी रीत बसवली. औषध लागू पडेनासं झालं की ते थांबवायचं, मधल्या काळात दुसरं द्यायचं, आणि अधूनमधून बोटभर नळीत रक्त घेऊन बिघाड उरला आहे का ते पाहायचं. तो दिसेनासा झाला, की जुनंच औषध पुन्हा द्यायचं. क्रोनोस या नावाच्या त्यांच्या चाचणीचे निष्कर्ष 2022 मध्ये प्रसिद्ध झाले. रक्ततपासणीनंतर 27 जणांना पॅनिटुमुमॅब दुसऱ्यांदा देण्यात आलं. हे सगळे पूर्वी याच जातीच्या औषधाला दाद देऊन नंतर त्याला न जुमानणारे झालेले रुग्ण होते. त्यांतल्या 8 जणांच्या गाठी पुन्हा आकसल्या.